केकाच्या पहिल्या घासाची हकीकत

श्री मोदकप्रिय प्रसन्न. अन्नपूर्णा साह्य असो, सांगणाराची जीभ स्थिर असो आणि ऐकणारा उपाशी नसो. शके एकोणीसशें अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरीं, वैशाख शुद्ध पंचमीचे दिवशीं श्रीमंत हैबतराजे महाराज यांचा पन्नासावा वाढदिवस जाहला, ते समयीं केकाचा पहिला घास कोणाचे मुखीं पडावा यावरून जो प्रसंग गुदरला त्याचें वर्तमान विचाराल तर लिहितों. राज्य कोणतें, हें लिहिण्याची आज्ञा नाहीं. उत्तरेस डोंगर, दक्षिणेस नदी आणि मध्यें नातेवाईक, इतक्यावरून जाणत्यांनीं जाणावें.

आधीं केक या राज्यांत कैसा आला तें सांगणें प्राप्त आहे. महाराजांचे आजे, थोरले महाराज, यांचे कारकीर्दींत एक टोपीकर साहेबांचा वकील भेटीस आला आणि त्यानें नजराण्यांत ताटाएवढा गोल केक आणिला. दरबारानें तो चहूंकडून पाहिला. वकील म्हणाला, यावर मेणबत्त्या लावाव्या, गाणें म्हणावें, मग मेणबत्त्या फुंकरीनें विझवाव्या आणि मग सुरीनें कापावा. शास्त्रीबोवा तत्काळ उठले आणि म्हणाले, "जन्मदिवशी दिवा तोंडानं विझवायचा? वर सुरी चालवायची? हा वाढदिवस आहे की तेरावा?" मग मोठी सभा भरली आणि निवाडा जाहला तो ऐसा, कीं मेणबत्ती महाराजांनीं विझवूं नये, पंखेवाल्यानें लांबून पंखा हालवावा आणि वारा आला ऐसें समजावें, केक कापिला ऐसें कोणी म्हणूं नये, केक वाढविला म्हणावें, अंडें वर्ज्य आणि तूप दुप्पट. इतकें जाहल्यावर केकास धर्माची हरकत राहिली नाहीं. राहिला पहिला तुकडा. थोरल्या महाराजांस विषाचा संशय आला, म्हणून त्यांनीं पहिला तुकडा आपल्या हातानें उचलून वकिलाचे मुखीं घातला आणि वकील पडतो कीं काय हें बराच वेळ पाहत बसले. दरबार लांब उभा होता. त्यांस दिसलें तें इतकेंच, कीं महाराजांनीं स्वहस्तें घास भरविला आणि मग प्रेमानें टक लावून पाहत राहिले. पुढील सालीं निम्मा दरबार तोंड उघडून पुढें येऊन उभा राहिला. तेव्हांपासून चाल पडली, कीं आद्यघास ज्याचे मुखीं, तो धन्याचे मनीं पहिला. आणि ही चाल वाड्यांतून गांवांत गेली आणि गांवांतून घरोघर गेली, आणि ज्या घरांत वर्षभर कोणी कोणाकडे पाहत नसे तेथेंही वाढदिवशीं सारीं माणसें एका सुरीकडे डोळे लावून बसूं लागलीं.

आतां महाराजांविषयीं. नांव हैबतराजे, परंतु हैबत जी शत्रूनें खावी ती महाराज स्वतःच खात. स्वभाव परम दयाळू. कोणास नाहीं म्हणावयाचें तर आधीं घाम येई, मग खोकला येई, आणि खोकल्याचे शेवटीं होय म्हणून जात. मागील सालीं, मन्मथनाम संवत्सर चालू असतां, वाढदिवसाचे समयीं महाराजांनीं पहिला तुकडा उचलिला आणि हात राणीसाहेब मैनाबाई यांचेकडे निघाला. इतक्यांत उजवीकडे उभे असलेले दिवाण भिकाजीपंत यांनीं भुंवई किंचित् वर केली. हात मध्येंच वळला आणि घास दिवाणजींचे मुखीं गेला. राणीसाहेबांनीं हंसून मान डोलविली. टाळ्याही वाजविल्या. दुसरे दिवशीं पालखी मागविली आणि माहेरीं गेल्या. दसरा गेला, दिवाळी गेली, तरी निरोप नाहीं. महाराजांनीं पत्रें धाडिलीं, तीं दिवाणजींनीं आधीं भाषा सुधारून मग रवाना केलीं, सबब त्यांत नवऱ्याचें कांहीं उरलें नाहीं. येणेंप्रमाणें मदनाचे नांवाच्या सालीं राणीसाहेब गेल्या आणि पाडव्यास दुर्मुख संवत्सर लागलें त्याच दिवशीं परतल्या. परतल्या खऱ्या, परंतु पेटारे रिते केले नाहींत. रोज सकाळीं झांकण उचलून एक लुगडें काढावें, नेसावें आणि झांकण पुन्हा लावावें. महाराजांनीं भीत भीत विचारिलें, "आलात, फार बरं झालं. आता राहणार ना?" राणीसाहेब म्हणाल्या, "वाढदिवसापर्यंत आहे." महाराज म्हणाले, "आणि मग?" राणीसाहेब म्हणाल्या, "मग बघू." महाराज म्हणाले, "बघू म्हणजे काय?" राणीसाहेब म्हणाल्या, "म्हणजे काही नाही." यंदा घास चुकला तर राणीसाहेब जातील आणि पुन्हा येणार नाहींत, इतकें त्यांस दिवाणजींनीं न समजावितां समजलें.

वाचणारा म्हणेल, मग घास राणीसाहेबांस द्यावा आणि मोकळें व्हावें, यांत लिहिण्याजोगें काय आहे? तर त्या वाचणारानें कधीं राज्य केलें नाहीं, फार तर घर केलें असेल. चैत्र वद्यांत पहिले दिवाणजी आले आणि हात जोडून म्हणाले, "घासाचा आग्रह आम्हांस मुळीच नाही. आम्ही चाकर माणसं. फक्त मागल्या वर्षी मिळाला आणि यंदा नाही मिळाला, तर लोक विचारणार, भिकाजीपंतांचं काय चुकलं? मग आम्हांलाही आठवून सांगावं लागणार, की आमचं काय काय बरोबर होतं आणि धन्यांचं काय काय चुकलं." महाराज म्हणाले, "छे छे, तसं कशाला." दिवाणजी म्हणाले, "तेच म्हणतो मी. तसं कशाला." आणि मुजरा करून गेले. मग सरलष्कर यशाजीराव आले. हे आऊसाहेबांचे बंधु, म्हणजे महाराजांचे सख्खे मामा, सबब त्यांस मुजऱ्याची गरज नव्हती. म्हणाले, "हैबत्या, मला गोडाचं वेड नाही. दाढ दुखते. पण घोडदळातली पोरं माझ्या नावावर पैजा लावून बसलीत. ती हरली तर तोफांची तोंडं कुठं वळवतील ते मला विचारू नको." महाराज म्हणाले, "मामा, हे काय बोलणं झालं?" मामा म्हणाले, "प्रेमानं सांगतोय रे." आणि महाराजांचे पाठीवर थाप मारिली, ती दोन दिवस दुखत होती. मग मातोश्री आऊसाहेब यांनीं बोलावणें धाडिलें. म्हणाल्या, "मला साखर वर्ज्य आहे. वैद्यांनी बजावून सांगितलंय. मी काही तो तुझा केक खायची नाही." महाराजांस हायसें वाटलें आणि ते म्हणाले, "मग आऊसाहेब, तुमचा घास दुसऱ्या कुणाला..." आऊसाहेब म्हणाल्या, "दे की. मी कुठं नको म्हणतेय? पण आधी माझ्यापुढं धर, मी नको म्हणेन, मग दे. नको म्हणायची तरी संधी आईला द्यायला नको का रे?" आणि पदर डोळ्यांस लाविला. एकट्या राणीसाहेबांनीं कांहींच मागितलें नाहीं आणि त्यामुळें सर्वांत मोठें मागणें तेंच होऊन बसलें.

मग महाराजांस अन्न गोड लागेना. आरशापुढें उभें राहावें, बोटांत शिळ्या पोळीचा तुकडा धरावा, हात इकडे न्यावा, तिकडे न्यावा, आणि जेथें न्यावा तेथून एक चेहरा रागानें पाहतो ऐसा भास व्हावा. दरबारांत कोणी जांभई देण्यास तोंड उघडिलें तरी महाराज दचकत, सबब दरबारांत जांभईची मनाई जाहली आणि कारभार अधिकच लांबला. ज्योतिष्यास विचारिलें, घास कोणत्या दिशेस जावा? ज्योतिषी म्हणाला, पूर्वेस उत्तम. मग चौघांनींही आपापली जागा पूर्वेस धरिली. एकदां तर महाराजांनीं वैशाखांतून पंचमी तिथीच वगळतां येईल काय ऐसें पुसलें, परंतु शास्त्रीबोवा म्हणाले, तिथीचा क्षय चंद्र करतो, महाराज नव्हे.

अशा समयीं दिवाणजींनींच मसलत काढिली. त्यांसही मनांतून धाकधूक होती, कीं यंदा घास राणीसाहेबांस गेला तर भर दरबारांत आपण मागें पडलों ऐसें दिसेल. त्यापेक्षां कोणीच पुढें न जावें हें बरें. म्हणाले, "महाराज, घास एक आणि तोंडं चार, ही अडचण. तर घासच एकदम चार व्हावेत. एक दांडा, त्याला चार फांद्या, चार टोकांना चार वाट्या. दांडा एकदाच पुढं करायचा, चारी वाट्या चारी तोंडांशी एकाच क्षणी. पहिला कोण? सगळेच. मागचा कोण? कोणीच नाही." महाराजांनीं त्यांस मिठीच मारिली. मग तांबट बोलाविला आणि चांदीचा चौमुखी चमचा तयार जाहला आणि त्याचे चारी फांद्यांची लांबी दोरीनें मोजून सारखी केली. पुढें रंगीत तालीम नेमिली. केकाच्या जागीं शिरा घेतला. चौघांस अर्धवर्तुळांत उभें केलें तों ध्यानांत आलें, कीं सरलष्कर ताडमाड आणि आऊसाहेब ठेंगण्या; वाटी एकाचे हनुवटीस लागते आणि दुसऱ्याचे कपाळास. मग आऊसाहेबांखालीं पाट दिला. आऊसाहेबांस पाट, तर आम्हांस का नाहीं, ऐसें दिवाणजी म्हणाले. मग चौघांस चार पाट दिले आणि अडचण होती तितकीच राहिली, फक्त ती उंच जाहली. शेवटीं सरलष्करांनीं गुडघे वाकवावे ऐसें ठरलें आणि ते म्हणाले, "रणांगणात वाकलो नाही, शिऱ्यापुढं वाकायला लावतोय भाचा." मग महाराजांनीं दांडा पुढें केला आणि दिवाणजींनीं अर्ध्या श्वासानें आधीं तोंड मिटलें आणि घास पहिला त्यांचाच लागला. सरलष्कर ओरडले, "बघा! बघा! तालमीत सुद्धा!" दिवाणजी म्हणाले, "आमचं तोंड लहान, लवकर मिटतं, त्याला काय करणार?" पुन्हा तालीम, पुन्हा शिरा, आऊसाहेब प्रत्येक खेपेस "मला वर्ज्य आहे" म्हणत आणि प्रत्येक खेपेस गिळीत.

या साऱ्यांत राणीसाहेब आपल्या पाटावर नीट उभ्या होत्या. सांगितलें तेव्हां तोंड उघडिलें, सांगितलें तेव्हां मिटलें. तालीम संपल्यावर महाराज त्यांजपाशीं गेले आणि म्हणाले, "कसं वाटलं? युक्ती बरी आहे ना? कुणालाच वाईट वाटायचं नाही." राणीसाहेबांनीं चमच्याकडे पाहिलें, मग महाराजांकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "छान आहे." इतकें बोलून आंत गेल्या. महाराजांनीं ते दोन शब्द मनांत उलटेसुलटे करून पाहिले, परंतु त्यांत छान कांहीं सांपडेना. सायंकाळीं देवडीवरून जातां पाहतात तों राणीसाहेबांचे पेटारे आंतून आणून देवडीवर ओळीनें मांडिले आहेत, दोऱ्या आंवळल्या आहेत, आणि पालखीचे भोई खांद्यांस तेल चोळीत बसले आहेत. महाराजांनीं विचारिलें, "हे कशाला?" भोई म्हणाला, "उद्या दरबार झाला की निघायचं, असं राणीसाहेब बोलल्यात." महाराज तसेच माघारी फिरले. दिवाणजींस सांगावें तर दिवाणजी म्हणाले, "चमचा तर सर्वांस समान आहे, मग राणीसाहेबांची तक्रार काय?" तक्रार होती हें महाराजांस कळत होतें, ती काय हें कळत नव्हतें.

मग पंचमी उगवली. अभ्यंगस्नान जाहलें, औक्षण जाहलें, आणि दरबार भरला. केक किल्ल्याचे आकाराचा, चार बुरूज, बुरुजांवर लोण्यासाखरेचीं फुलें आणि तटावर 'उदंड आयुष्य' ऐसीं अक्षरें; जागा पुरली नाहीं म्हणून आयुष्याचें शेवटचें अक्षर खालीं खंदकांत गेलें, त्यावरही महाराज बराच वेळ विचार करीत राहिले. मंडळींनीं गाणें म्हटलें. चाल टोपीकरांची, शब्द शास्त्रीबोवांचे आणि ताल कोणाचाच नाहीं. पंखेवाल्यानें लांबून पंखा हालविला आणि मेणबत्त्या शांत जाहल्या. एक होईना, तिजकडे सर्वांनीं न पाहिल्यासारखें केलें. मग केक वाढविला. मग चौघें आपापल्या पाटांवर चढलीं आणि चौमुखी चमचा रेशमी रुमालांतून काढून महाराजांचे हातीं दिला, आणि महाराजांनीं चारी वाट्या भरिल्या, आणि चौघांनीं तोंडें उघडिलीं. महाराजांनीं एकेक तोंड पाहिलें. दिवाणजींचें, जें लवकर मिटण्यास सिद्ध होतें. सरलष्करांचें, ज्यांत दुखरी दाढ दिसत होती. आऊसाहेबांचें, जें नको म्हणण्याचे तयारींत होतें. आणि राणीसाहेबांचें. त्यांनीं तोंड तालमींत सांगितलें तितकेंच उघडिलें होतें, परंतु डोळे देवडीकडे होते. महाराजांनींही तिकडे पाहिलें, चमचा कलला आणि वाट्यांतलीं फुलें खालीं गळूं लागलीं. मग महाराजांनीं जें केलें तें मसलतींत नव्हतें आणि तालमींतही नव्हतें. चमचा ताटांत ठेविला, हातानें एक तुकडा मोडिला, आणि जाऊन राणीसाहेबांपुढें उभे राहिले.

राणीसाहेबांनीं तोंड मिटलें. म्हणाल्या, "आधी एक सांगा. मागल्या वर्षी दिवाणजींना का दिलात?" ऐसा प्रश्न या दरबारांत पूर्वीं कोणीं विचारिला नव्हता. महाराजांस घाम आला, खोकला येऊं लागला, तो त्यांनीं गिळिला आणि म्हणाले, "भ्यालो." राणीसाहेब म्हणाल्या, "आणि मी शेजारीच उभी होते." महाराज म्हणाले, "तुमची भीती नव्हती." राणीसाहेब म्हणाल्या, "म्हणून मला नाही." महाराज म्हणाले, "म्हणून... हो." राणीसाहेब म्हणाल्या, "आणि यंदा?" महाराज म्हणाले, "यंदा तुमची वाटते." राणीसाहेब म्हणाल्या, "मग घास यंदाही भीतीचाच की. नुसतं तोंड बदललं."

बोटांतलें लोणी वितळून मनगटावर आलें आणि मनगटावरून अंगरख्याचे बाहींत शिरलें. सरलष्कर गुडघे वाकवूनच उभे, कारण सरळ व्हावें ऐसें कोणीं सांगितलें नव्हतें. मग महाराज म्हणाले, "भीतीचाच आहे. खोटं कशाला बोलू? पण दिवाणजींची भीती वाटते ती ते राहतील म्हणून. तुमची वाटते ती तुम्ही जाल म्हणून." तेव्हां दिवाणजींनीं इतका वेळ उघडें असलेलें तोंड मिटलें. महाराज थांबले नाहींत. आयुष्यांत प्रथमच थांबले नाहींत. म्हणाले, "तुम्ही नव्हता तेव्हा एकदा जेवताना मी म्हटलं, आज आमटी खारट झालीय. झालं. वाढपी भीतीनं कापायला लागला, आचारी रडत पायांशी आला, मामा तलवार काढून मुदपाकखान्यात शिरले आणि दिवाणजींनी मिठावर जकात बसवली. मला काहीच करवून घ्यायचं नव्हतं हो. मला नुसतं म्हणायचं होतं. तुम्ही असता तर म्हणाला असता..." राणीसाहेब म्हणाल्या, "मग पाणी प्या, म्हणाले असते." महाराज म्हणाले, "तेच. तेवढं म्हणायला सबंध राज्यात दुसरं माणूस नाही. हे मागल्या वर्षी सांगायला हवं होतं. त्याच्याही आधी. पण दर वर्षी हातात केक असायचा, वाटायचं, आता वेगळं सांगायची काय गरज."

राणीसाहेबांनीं वांकून घास घेतला. हळूहळू चावला. इतक्या लक्षपूर्वक कोणाचें चावणें या दरबारानें थोरल्या महाराजांपासून पाहिलें नव्हतें. मग म्हणाल्या, "साखर फार झालीय. पुढल्या वर्षी मी स्वतः उभी राहून करून घेईन." ज्यांस कळलें त्यांस तत्काळ कळलें. महाराजांस कळावयास थोडा वेळ लागला, आणि कळलें तेव्हां ते मागें आसन आहे कीं नाहीं हें न पाहतां बसले.

पुढें आऊसाहेबांपुढें घास धरिला. त्यांनीं पोटभर नको म्हटलें आणि मग दुसऱ्याचे ताटांतून बुरूज खाल्ला. सरलष्करांस महाराजांनीं विचारिलें, "मामा, दाढ फार दुखते का हो?" तेव्हां ते एवढे थोर योद्धे, त्यांचे डोळ्यांस पाणी आलें आणि म्हणाले, "तीन महिने सांगतोय, पहिल्यांदा कुणी विचारलं." तोफा होत्या तेथेंच राहिल्या. दिवाणजींनीं काशीयात्रेस रजा मागितली. धनी आग्रह करून ठेवून घेतील ऐसा त्यांचा अदमास होता. महाराजांनीं रजा दिली आणि वाटखर्चही दिला, आणि सायंकाळीं मिठावरील जकात उठविली.

एकंदर हासील काय, तर राज्यांत आतां वाढदिवस लांबतात. माणसें तुकडा हातांत धरून आधीं कांहींबाहीं बोलतात, अडखळतात, लोणी बाहींत जातें, आणि ज्याचे मुखीं घास जावयाचा तो विचारतो, राहीन म्हणून देतोस कीं जाईन म्हणून? कित्येक घरांत उत्तर येईपर्यंत मुलें झोपीं जातात. महाराजांस पूर्वीं चौघांची भीती वाटे, ती गेली आणि एकाच गोष्टीची उरली, ती मात्र रोज वाटते. यासच त्या राज्यांत सुख म्हणूं लागले आहेत. पाहिलें, ऐकिलें, लिहिलें, लेखणी ठेविली.